दोन बोटांची शाई

२००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या आधीची गोष्ट आहे. मतदारयादी तपासायला आम्ही शिक्षक मंडळी घरोघर हिंडत होतो. कन्हानला रेल्वे स्टेशनच्या बाजूची वस्ती माझ्या वाट्याला आली होती. यादीतले नाव वाचायचे, माणूस आहे का ते विचारायचे, नसेल तर नावापुढे लाल खूण करायची. वारला असेल तर 'मयत', गाव सोडले असेल तर 'स्थलांतरित'. काम कंटाळवाणे, पण थंडीचे दिवस होते आणि घरोघरी चहा मिळत होता.

एका घरी कोळसा खाणीतून निवृत्त झालेले गृहस्थ राहत. त्यांना दोन मुलगे. थोरला फौजेत, आसामकडे. धाकटा आयटीआय करून कुवेतला फिटर म्हणून गेलेला. थोरल्याचे नाव सैनिकांच्या वेगळ्या यादीत होते, त्याच्याशी माझा संबंध नव्हता. धाकट्याचे मात्र माझ्या कागदावर होते. तो दोन वर्षांपासून गावात नाही असे कळले, तेव्हा मी नियमाप्रमाणे लाल खूण केली. त्याची आई दारात उभी राहून बघत होती.

''गुरुजी, माह्या पोराचं नाव काऊन कापता जी? थो कुवेतले गेला, वर नाही गेला.''

मी हसलो, पण बाई हसल्या नाहीत. तो घर सोडून गेला नाही, दर महिन्याला पैसे पाठवतो, रेशनकार्डावर त्याचे नाव आहे, मग मत का नाही, असे त्यांचे साधे म्हणणे होते. मी 'नियम आहे' एवढेच उत्तर दिले आणि पुढच्या घराकडे वळलो. अंतिम यादीत ते नाव नव्हते.

मतदानाच्या दिवशी माझी ड्युटी दुसऱ्याच तालुक्यात होती. (मतदान घेणाऱ्या आम्हा शिक्षकांचेच मत पुष्कळदा बुडत असे, तो वेगळा विषय.) दुसऱ्या दिवशी पुलाजवळच्या टपरीवर ते खाणवाले गृहस्थ भेटले. त्यांनी डावा हात पुढे केला. तर्जनीवर शाई होती आणि मधल्या बोटावरही होती. ''एक माहं, एक फौजीचं,'' ते म्हणाले. एकाच घरातल्या दोन मुलांपैकी दोघेही घरापासून दूर. एकाचे मत बापाने दिले होते आणि दुसऱ्याचे मी कापले होते. तेव्हापासून या प्रश्नाने माझा पिच्छा सोडलेला नाही. इतिहास शिकवण्यात जन्म गेलेला माणूस, म्हणून त्याचे मूळ शोधत गेलो. जे हाती लागले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सगळ्याचे मूळ १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. त्याच्या १९ व्या कलमात दोन शब्द आहेत, 'सर्वसाधारण रहिवासी'. ज्या मतदारसंघात तुम्ही सर्वसाधारणपणे राहता, तिथेच तुमचे नाव. २० वे कलम पुढे सांगते की नुसते घर मालकीचे असून चालत नाही. आणि तात्पुरते बाहेर गेल्याने नाव जातही नाही. पण तात्पुरते म्हणजे किती दिवस, याचे मोजमाप कायद्याने दिलेले नाही. ते ठरवायचे यादी तपासणाऱ्याने. म्हणजे लाल पेन घेऊन दारात उभ्या असलेल्या माझ्यासारख्या मास्तराने.

त्या काळी दुसरा मार्ग होता असेही नाही. पहिल्या निवडणुकीत, म्हणजे १९५१-५२ साली, सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते आणि त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. आमचे कन्हान तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. घर हाच यादीचा पाया होता. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे त्याहून विचित्र अडचण उभी राहिली होती. लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. सेन यांनी अशा नोंदी स्वीकारायला नकार दिला आणि जवळपास २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. मत हवे असेल तर माणसाला स्वतःचे नाव हवे आणि राहते घरही हवे, असा तो हिशेब होता.

त्याआधी तर हिशेब आणखी वेगळा होता. १९३५ च्या कायद्यात मत मिळायचे ते सारा, कर, शिक्षण बघून. पण त्यात एक दार फौजेचेही होते. निवृत्त झालेल्या सैनिकाला, आणि सैनिकाच्या पेन्शन घेणाऱ्या विधवेला किंवा आईला, मताचा हक्क होता. नदीच्या अलीकडे आमचे कन्हान, पलीकडे कामठी. कामठीची छावणी १८२१ सालची. 'कॅम्प टी'वरून कामठी झाले असे जुने लोक सांगतात. खरेखोटे देव जाणे, पण या छावणीमुळे आमच्या भागात फौजेची पेन्शन घेणारी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत.

स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही सैनिकासाठी दार ठेवले. तो कुठेही असो, त्याचे घर जिथे, तिथलाच तो रहिवासी मानायचा आणि त्याला टपालाने मत द्यायची सोय करायची. तीच सवलत राज्याबाहेर पाठवलेल्या सशस्त्र पोलिसांना आणि परदेशातल्या वकिलातींत काम करणाऱ्या सरकारी नोकरांना. राष्ट्रपती, राज्यपाल, केंद्रीय मंत्री यांनाही ती आहे. एवढेच काय, प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्या माणसालाही टपालाने मत देता येते. ज्याच्यापासून देशाला धोका आहे असे सरकारला वाटते, त्याला मतपत्रिका पोचवायची व्यवस्था आहे. कुवेतमधल्या फिटरला नाही.

परदेशातून मत देणारे पहिले भारतीय म्हणजे हे सैनिक आणि वकिलातींतले लोक. १९५६ साली सुएझचे प्रकरण पेटले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपली पलटण गाझाला गेली आणि १९६७ पर्यंत आळीपाळीने आपल्या पलटणी तिथे राहिल्या. या काळात भारतात १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन लोकसभा निवडणुका झाल्या. गाझाच्या वाळूत तंबू ठोकून बसलेला जवान कायद्याच्या दृष्टीने आपल्या गावातच राहत होता!

त्याहून जवळचे उदाहरण १९८९ चे. आमच्या पिढीला ती निवडणूक चांगली आठवते. कन्हान हे रामटेक लोकसभा मतदारसंघात येते आणि १९८४ पासून तिथले खासदार होते पी. व्ही. नरसिंह राव. माणूस मूळचा आंध्रातला. पण नागपुरात कायदा शिकलेला, मराठी उत्तम बोलणारा, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारा. त्यांच्या सभेला माणसे काही अंशी त्यांचे मराठी ऐकायलाच जात. १९८९ च्या नोव्हेंबरात ते दुसऱ्यांदा रामटेकहून उभे राहिले, तेव्हा ते देशाचे परराष्ट्रमंत्री होते आणि आपली शांतिसेना श्रीलंकेत होती. म्हणजे आमच्या भागातला जो जवान जाफन्याकडे तैनात होता, त्याच्या टपाली मतपत्रिकेवर परराष्ट्रमंत्र्यांचेच नाव होते. ज्यांच्या खात्याचा तो करार, त्यांनाच मत द्यायचे की नाही हे त्याने परक्या भूमीवर बसून ठरवायचे. लोकशाहीत यापेक्षा सरळ हिशेब कुठला असेल?

यात आणखी एक गंमत आहे. लोकसभेची निवडणूक लढवायला तुम्ही देशातल्या कुठल्याही मतदारसंघाचे मतदार असलात तरी चालते. म्हणून आंध्रचा उमेदवार रामटेकहून खुशाल उभा राहू शकला. कायद्याने उमेदवाराला अख्खा देश मोकळा ठेवला आणि मतदाराला मात्र त्याच्या उंबरठ्याला बांधले. मी राव यांच्या विरोधात बोलत नाही, त्यांना मत देणाऱ्यांपैकीच मी एक. पण हा विरोधाभास त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

सैनिकांची टपाली मते कागदावर छान दिसत. प्रत्यक्षात काय व्हायचे? अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्याशिवाय उमेदवारांची यादी पक्की होत नाही, आणि यादी पक्की झाल्याशिवाय मतपत्रिका छापता येत नाही. तिथून मतदानापर्यंत किमान २० दिवस असत. १९९६ साली ते १४ वर आले. एवढ्यात मतपत्रिका छापायची, फौजी टपालाने चौकीवर पाठवायची, जवानाने खूण करून परत टपालात टाकायची आणि मोजणी सुरू होण्याआधी ती निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर यायला हवी. आसामातल्या एखाद्या चौकीवरून कन्हानला साधे पत्र यायला किती दिवस लागत, हे इथल्या कुठल्याही फौजीच्या आईला विचारा. निकाल लागून मिरवणुका निघून गेल्यावर लिफाफा यायचा. तो न उघडता तसाच बाजूला ठेवायचा.

म्हणून २००३ साली कायदा बदलला आणि सेनादलांतल्या मतदारांना दुसरा मार्ग मिळाला. आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर ठरावीक नमुन्यावर सही करायची आणि गावातल्या कोणा विश्वासू माणसाला आपला बदली मतदार नेमायचे. तो माणूस स्वतःचे मत असेल तर ते देतो, त्याची शाई डाव्या तर्जनीवर. मग सैनिकाचे मत देतो, त्याची शाई डाव्या मधल्या बोटावर. टपरीवर पाहिलेली दोन बोटे ती हीच.

त्या दिवशी मी त्यांना हळूच विचारले होते, ''पोरानं सांगितलं तेच बटन दाबलं ना?'' त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि दुसराच विषय काढला. बदली मतदानावरचा सर्वांत मोठा आक्षेप त्या फुंकरीत होता. मत गुप्त असते, पण ते देणारा बाप असेल तर मुलगा विचारणार तरी कसे?

२०१६ साली टपालाचीच वाट अर्धी छोटी झाली. मतपत्रिका संगणकावरून थेट पलटणीत पोचते, जवान ती सांकेतिक क्रमांक वापरून उघडतो, कागदावर छापून घेतो, खूण करतो आणि टपालाने परत पाठवतो. येताना तेवढी टपालपेटी लागते. २०१९ च्या निवडणुकीत असे सुमारे १८ लाख सेवा मतदार यादीत होते. शिवाय २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कामठीसारख्या शांत ठाण्यावरच्या सैनिकाला वाटल्यास तिथेच साधा मतदार म्हणून नाव घालायची मोकळीक मिळाली.

एक खोड मात्र फार उशिरा निघाली. सेवा मतदाराबरोबर राहणाऱ्या 'पत्नी'लाही ही सवलत होती. पण महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला नव्हती, कारण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फौजी म्हणजे पुरुषच होता. २०२१ च्या दुरुस्तीने 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' या अर्थाचा शब्द आला. ७१ वर्षे लागली एका शब्दाला.

आता कुवेतच्या फिटरकडे येऊ. परदेशी राहणाऱ्या भारतीयांना मत द्यावे यासाठीचे विधेयक २००६ साली राज्यसभेत आले आणि रखडले. शेवटी २०१० साली कायदा बदलला, २० व्या कलमाला '२०-अ' जोडले गेले आणि १० फेब्रुवारी २०११ पासून ते लागू झाले. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही, असा परदेशस्थ भारतीय नमुना ६-अ भरून, पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे तिथल्या यादीत नाव घालू शकतो. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या छातीवरचा दगड थोडा हलला. पण बातमीची शेवटची ओळ वाचायची राहिली होती. मत द्यायला त्याने स्वतः त्या केंद्रावर यायचे, मूळ पासपोर्ट घेऊन.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. परदेशात राहणारे भारतीय नागरिक सव्वा कोटीहून अधिक. २०१४ साली त्यांतल्या ११,८४६ जणांनी नाव नोंदवले. २०१९ साली नोंदणी ९९,८०७ वर गेली आणि त्यांपैकी सुमारे २५,६०० जणांनी मत दिले. ते जवळजवळ सगळे केरळचे होते. आखातात घरटी माणूस असलेले राज्य आहे ते. २०२४ साली सुमारे १ लाख १९ हजार नावे होती आणि मत देणारे तीन हजारही भरले नाहीत.

बाहेरच्या जगात हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत १८६४ साली यादवी युद्ध चालू असताना अनेक राज्यांनी आपल्या सैनिकांची मते छावणीत घेतली. त्याच देशाच्या डेव्हिड वुल्फ या अंतराळवीराने १९९७ साली 'मीर' या रशियन अंतराळस्थानकावरून मत दिले. फ्रान्सच्या संसदेत २०१२ पासून परदेशी राहणाऱ्या फ्रेंचांचे स्वतंत्र ११ प्रतिनिधी निवडून येतात. ब्रिटनने साध्या नागरिकांना परदेशातून मत द्यायची सोय १९८५ साली केली, तीही सुरुवातीला देश सोडून पाच वर्षे होईपर्यंतच. वर्षांची ही अट ते कमीजास्त करत राहिले आणि २०२४ च्या आरंभी ती काढूनच टाकली. ब्रिटनमध्ये तर राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. म्हणजे नागपूरचा मुलगा लंडनला शिकायला गेला आणि तिथल्या यादीत त्याने नाव घातले, तर इंग्लंडचा पंतप्रधान कोण व्हावा यावर तो मत देऊ शकतो. आपला पंतप्रधान कोण व्हावा यासाठी त्याला विमानाचे तिकीट काढावे लागते.

मग आपल्याकडे अडते कुठे? काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. आयोगाने समिती नेमली आणि २०१४ साली तिने दोन्ही मार्ग सुचवले, संगणकाने मतपत्रिका पाठवावी किंवा बदली मतदार नेमू द्यावा. बदली मतदाराचे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूरही झाले. राज्यसभेत ते झाले नाही आणि २०१९ साली लोकसभा विसर्जित होताच बुडाले. २०२० च्या अखेरीस आयोगाने सरकारला कळवले की संगणकाच्या मार्गाने मतपत्रिका पाठवायला आम्ही तयार आहोत. २०२४ ची निवडणूक त्याशिवायच झाली.

आक्षेप घेणारे सगळे वेडे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सैनिकाच्या मागे त्याची पलटण आहे, शिस्त आहे, ओळख पटवणारा अधिकारी आहे. आखातात एका खोलीत आठ-आठ माणसे राहतात आणि पुष्कळदा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो. तिथे मतपत्रिकेवर खूण करताना खांद्यावरून कोण डोकावेल, सांगता येत नाही. हे मला पटते. पण याच कारणाने त्याला मत नाकारायचे, म्हणजे आधीच ज्याच्यावर दाब आहे त्याच्यावर आणखी एक दाब टाकणे, असे माझे मत आहे.

आणि हा प्रश्न समुद्रापलीकडचाच आहे असे नाही. आमच्या कन्हानला कोळशाच्या खाणींनी, कारखान्यांनी आणि रेल्वेने छत्तीसगड, बिहार, उत्तर प्रदेशातून माणसे आणली. त्यांतली काही इथे रुजली, त्यांची नावे इथल्या यादीत आली. काहींची नावे गावाकडेच राहिली आणि मतदानाला ते गेले नाहीत, कारण दोन दिवसांची मजुरी आणि रेल्वेचा धक्का परवडत नाही. काश्मीर सोडून आलेल्या पंडितांसाठी जम्मू आणि दिल्लीत खास केंद्रे उघडता आली, म्हणजे मनात आणले तर जमते. जानेवारी २०२३ मध्ये आयोगाने एक यंत्र राजकीय पक्षांना दाखवायला बोलावले. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांची मते घेता येतील असे ते यंत्र. विरोधी पक्षांनी शंकांची सरबत्ती केली आणि ते यंत्र जिथल्या तिथे राहिले.

राहिली त्या घरची गोष्ट. २०१३ साली तो फिटर सुटीवर आला, तेव्हा मी स्वतः त्याच्या घरी गेलो आणि ६-अ नमुना भरून घेतला. कापलेले नाव यादीच्या शेवटी, परदेशी मतदारांच्या भागात परत आले. पण १० एप्रिल २०१४ ला तो कुवेतलाच होता.

२०१९ च्या एप्रिलमध्ये वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून तो तातडीने आला. ११ एप्रिलला, पहिल्याच टप्प्यात, आमच्याकडे मतदान होते. सकाळी ऊन चढायच्या आत मी त्याला शाळेतल्या केंद्रावर घेऊन गेलो. मी तोवर निवृत्त झालो होतो, त्यामुळे नुसता रांगेतला म्हातारा म्हणून. त्याने पासपोर्ट पुढे केला. मतदान अधिकारी पोरगेलासा होता. तो पाने उलटत राहिला, व्हिसाचे शिक्के बघत राहिला, मग केंद्राध्यक्षांना हाक मारली. मागून कोणीतरी ओरडले, ''काय बे, विमानतळ आहे काय हे?'' पाचेक मिनिटांनी यादीच्या शेवटच्या पानावर नाव सापडले. त्याने बटन दाबले.

घरी आल्यावर त्याने खाटेवरच्या वडिलांना बोट दाखवले. त्यांची वाचा गेली होती. त्यांनी कसाबसा डावा हात पांघरुणातून काढला आणि मधले बोट वर केले. आम्हा सगळ्यांना हसू आले, त्यांनाही. थोरला तोवर फौजेतून निवृत्त होऊन गावी आला होता, तो त्या दिवशी स्वतःचे मत स्वतःच देऊन आला होता.

आठवड्याने धाकटा परत गेला. पुढे फोनवर सांगत होता, ''गुरुजी, सुपरवायझर विचारत होता, बोटाले का लागलं? ग्रीस हाय का? म्हटलं, नाही, मत हाय.'' नखावरची शाई निघायला त्याला दोन-अडीच महिने लागले म्हणे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)